चार चाकांची ओढ – लेखांक ७ : डांबरावर अडलेला लिव्हर

लो रेंजमध्ये उतार कसा उतरावा, याचे विवेचन या आठवड्यात करण्याचे मी कबूल केले होते. परंतु मध्यंतरी देवगडकडील एका आंबा-बागायतदार वाचकांचे पत्र हाती आले, आणि त्यात त्यांनी मांडलेली कैफियत इतकी मूलगामी आहे की, तिचा खुलासा केल्यावाचून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. सबब उताराचा विषय एक आठवडा लांबणीवर पडतो आहे.

पत्राचा मजकूर थोडक्यात असा. कातळावरच्या कलमांतून भरलेल्या पेट्या घेऊन त्यांची जुनी पिकअप सुट्या खडीच्या चढाने वर येते, आणि त्या चढापुरती ते फोर व्हील टाकतात. एके दिवशी फोर-एच काढावयाचे राहून गेले, गाडी तशीच डांबरी रस्त्याला लागली, चार-पाच किलोमीटर नागमोडी रस्ता कापून पेट्रोलपंपाच्या आवारात वळू लागली, आणि तेथे स्टिअरिंग एकाएकी जड झाले. कोणी ब्रेक दाबून धरावा तशी गाडी अडखळू लागली, पुढची चाके टक् टक् करीत उसळू लागली, आणि टू-एचमध्ये, म्हणजे दोन चाकांच्या ओढीत, येण्यासाठी लिव्हर ओढला तर तो जागचा हलेना. जवळच्या मेकॅनिकने ट्रान्सफर केस उतरवून उघडावी लागेल, असा निवाडा दिला. एवढ्या खर्चात पडावे काय, ही वाचकांची पृच्छा आहे.

पडू नये, निदान पुढील तपशील वाचून गाडीवर त्याची रुजुवात करून पाहीपर्यंत तरी पडू नये.

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर तोडावे लागते, हे खळ्यावरची मळणी पाहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही; तिवड्याभोवती पात फिरत असता कडेचा बैल झपाझप चालतो आणि तिवड्यालगतचा जवळजवळ जागच्या जागी पाय उचलतो. एकाच आसावरील डाव्या-उजव्या चाकांतला हा भेद सामावून घेण्याची तजवीज डिफरन्शियलमध्ये असते. परंतु पुढचा आस व मागचा आस यांच्या चालीतही असाच भेद असतो, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पावसाने भिजलेल्या अंगणात गाडी वळवून खाली उतरावे आणि उमटलेल्या चाकोऱ्या पाहाव्यात : मागच्या चाकाची चाकोरी पुढच्या चाकाच्या आतल्या अंगाला पडलेली स्पष्ट दिसते.

हा भेद किती मोठा असतो, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. टोयोटा हायलक्सच्या दोन आसांमधील अंतर ३०८५ मिलिमीटर, म्हणजे तीन मीटरांहून अधिक आहे. तिच्या मागच्या आसाचा मध्य साडेपाच मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून जात असेल, तर पुढच्या आसाचा मध्य सुमारे ६.३ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून जातो. गाडीचे तोंड पुरते उलट दिशेला होईपर्यंत मागचा आस १७.३ मीटर आणि पुढचा १९.८ मीटर चाललेला असतो. फरक अडीच मीटरांचा झाला. आणि त्या गाडीच्या टायरचा परिघ सुमारे २.४ मीटर आहे. म्हणजे एवढ्या एका वळणात पुढच्या चाकांना मागच्यांहून एक सबंध फेरा अधिक घ्यावा लागतो. जुन्या विलीज जीपच्या आसांमधील अंतर अवघे २०३२ मिलिमीटर असल्यामुळे त्याच वळणात तिचा फरक जेमतेम १.१ मीटर भरतो. जीपवर हात बसलेल्या चालकाला लांब पिकअप वळणावर अधिक अडेल वाटते, त्याचे कारण हेच होय.

आपल्याकडच्या बहुतेक पिकअपमध्ये फोर-एच टाकताच पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये एकमेकांना घट्ट जखडले जातात. दोघांनी सारखेच फेरे घ्यावेत, असा तो बंदोबस्त असतो आणि मध्ये भेद मिटविणारा डिफरन्शियल नसतो. मग तो एक फेरा जातो कोठे? खडीवर, चिखलात वा वाळूत चाके किंचित घसरतात आणि तो फरक जमीनच सोसते. डांबर टायरला घसरू देत नाही. तेव्हा तो फरक शाफ्ट, जॉइंट आणि दात्यांमध्ये पीळ होऊन साचत जातो. तो असह्य झाला म्हणजे एखादे चाक उसळून तो थोडासा मोकळा करते, आणि पीळ पुन्हा साचू लागतो. या पिळाखाली ट्रान्सफर केसमधील दाते एकमेकांवर इतके दाबून बसतात की, लिव्हरने त्यांना बाजूस सारता येत नाही. वाचकांचा लिव्हर अडला तो या दाबामुळे. त्यावरून यंत्र मोडले असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही.

उपाय बिनखर्ची आहे. ज्या वळणाने गाडी आली, त्याच वळणाने ती अगदी सावकाश मागे घ्यावी आणि लिव्हरवर टू-एचकडे हलका दाब ठेवावा. मागे येताना चढलेला पीळ उतरत जातो आणि तो शून्यावर येण्याच्या क्षणी लिव्हर खट् करून सुटतो. दाब सौम्यच असावा, आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असावा. भराभर मागे जात राहिल्यास तोच पीळ उलट दिशेने चढू लागतो. मागे जागा नसल्यास एका अंगाची दोन चाके रस्त्याकडेच्या मातीत उतरवून चार-सहा मीटर सरळ जावे. लिव्हरवर लाथ मारणे किंवा हातोडी चालविणे सर्वथा वर्ज्य समजावे. मऊ मातीवर सरळ चालूनही लिव्हर सुटत नसेल, तरच दोष यंत्रात आहे असे धरून मेकॅनिककडे जावे.

पिळाचे दुसरे उगमस्थान टायरमध्ये असते, आणि ते सरळ रस्त्यावरही आपला अंमल चालविते. भाराने मागचे टायर आधी झिजतात, म्हणून पुष्कळ मालक मागे नवी जोडी घालून पुढे जुनीच ठेवतात. व्यासात दहा मिलिमीटरांचा फरक पडला, तर ढोबळ मानाने दर किलोमीटरला बारा-तेरा मीटरांची तफावत होते. फोर व्हील वापरणाऱ्याने चारही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे आणि शक्य तितके सारखे झिजलेले ठेवावेत; दोन जोड्यांची अदलाबदल वेळेवर करावी, आणि हवा पुस्तिकेबरहुकूम भरावी.

रिकाम्या पिकअपची पाठ हलकी असते व पावसात मागची चाके सरकतात, म्हणून कित्येक चालक सबंध आषाढ घाटातून फोर-एच लावून गाडी हाकतात. ही पद्धत मला घातक वाटते. ओले डांबरही पीळ चढण्याइतकी पकड देतेच. शिवाय जखडलेल्या आसांची गाडी वळणावर सरळ जाऊ पाहते. चारी चाकांची ओढ गाडीला पुढे नेते, तिला थांबविण्याच्या कामी तिचा उपयोग नाही. ब्रेक टू-एचमध्येही चारही चाकांना लागतात. घाटात वेग कमी ठेवावा, आणि हौद्यात मागच्या आसावर थोडे वजन नीट बांधून ठेवावे.

महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत जीप शेतावर आणि सडकेवर आली, तेव्हा पुढची चाके गरज नसतानाही पुढच्या आसाचे दाते फिरवीत राहतात, ही गोष्ट मालकांना जाचू लागली. सिॲटल शहरी आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये या जाचावर उपाय म्हणून व्यवसाय थाटला आणि हाताने जोडता-सोडता येणारे हब प्रचारात आणले. आपल्याकडे जिप्सीच्या चालकांना हे हब परिचित होते. त्या हबांचा एक गुण मला यांत्रिक उपयोगाहूनही मोलाचा वाटतो : ते फिरविण्यासाठी चालकाला खाली उतरावे लागे, आणि उतरला की पायाखालची जमीन कशी आहे हे तो पाही. आता डॅशबोर्डवरची खुंटी दोन बोटांनी फिरते, आणि त्यामुळेच ती फिरवली होती याचा विसरही लवकर पडतो. १९७० च्या रेंज रोव्हरप्रमाणे ज्या गाड्यांत मधला डिफरन्शियल असतो, त्यांना डांबरावर चारी चाकांची ओढ वापरण्यास हरकत नाही. आपली गाडी त्या वर्गातली आहे की नाही, हे पुस्तिकेत पाहून एकदा कायमचे ठरवून टाकावे.

बागायतदार वाचकांना व इतर सर्वांना माझे आग्रहाचे सांगणे एवढेच की, खडी वा चिखल दिसताच, चाक रुतण्यापूर्वी, फोर-एच टाकावे. आणि डांबराला चाक लागण्यापूर्वी, शेवटच्या मातीच्या पट्ट्यावरच, ते काढावे. पुढील लेखांकात लो रेंज व उतार निश्चित घेऊ. तोवर आपल्या गाडीच्या चारही टायरांची मापे आणि झीज तपासून लिहून ठेवावी, कारण तेथे तिचा दाखला लागणार आहे.