भाजणीसारखी वाइन आणि एकाच गिऱ्हाइकाची बाग

थालीपिठाच्या भाजणीत आपण ज्वारी, बाजरी, हरभरा डाळ, उडीद, धने घालतो. नुसत्या ज्वारीला ती चव येत नाही. दक्षिण फ्रान्समधली लाल वाइनही अशीच अनेक द्राक्षांच्या मिश्रणातून होते. तिथल्या ऱ्होन नदीच्या खोऱ्यात काळ्या द्राक्षांच्या तीन जाती मुख्य आहेत: ग्रेनाश, सिरा आणि मूर्वेद्र. ग्रेनाशमध्ये साखर भरपूर असते. सिरामुळे गडद रंग आणि मिऱ्यासारखा वास येतो, तर मूर्वेद्रमुळे तुरटपणा येतो. तिन्ही जाती एकाच वेळी पिकत नाहीत. त्यामुळे पावसानं एकीचं नुकसान केलं तरी दुसरी हाती लागते, जशी आपल्याकडं कपाशीतली तूर.

ही द्राक्षं सालीसकट आंबवतात. सालीतून रंग उतरतो आणि साखरेचा मद्यार्क होतो, साधारण 12 ते 15 टक्के. बिअरपेक्षा हे प्रमाण बरंच जास्त आहे. म्हणून वाइन म्हणजे फळाचा रस, असं कुणी सांगितलं तर फसू नका. वाइन ही दारूच आहे.

मग आपण परभणीच्या बायांनी हे कशासाठी समजून घ्यायचं? तर शेतीसाठी. हीच सिरा नाशिककडं 'शिराझ' नावानं लावतात. राज्यानं 2001 साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, तेव्हा अनेक शेतकरी वाइनच्या द्राक्षांकडं वळले. पण ही द्राक्षं बारीक, बियांची आणि जाड सालीची असतात. बाजारात ती खायला कुणी घेत नाही. 2008 नंतर मंदी आली, वाइनचा खप घसरला, काही कारखान्यांनी माल उचलला नाही. थॉम्पसनसारखी खायची द्राक्षं असती तर ती मंडईत नेता आली असती. या द्राक्षांना दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं. कित्येकांनी उभ्या बागा तोडल्या.

दक्षिण फ्रान्सनंही असे दिवस पाहिले. साखरपाण्याच्या बनावट वाइननं आणि जास्त उत्पादनानं भाव पडले, तेव्हा 1907 साली लाखो माणसं रस्त्यावर उतरली. त्याआधीच, 1901 साली, मारोसां या गावातल्या लहान शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सहकारी संस्था काढली आणि आपली वाइन थेट पॅरिसच्या ग्राहक संस्थांना विकली. पुढं अशा संस्था गावोगाव झाल्या.

यातून आपण घ्यायचं ते एवढंच. कुणी करार शेतीचं नवं पीक घेऊन आपल्या गटाकडं आलं, तर चार प्रश्न विचारायचे. कंपनीनं माल नाही उचलला तर तो मंडईत विकेल का? भाव कधी आणि कोण ठरवणार? पैसे किती दिवसांत मिळणार? करार लेखी आहे का? उत्तरं कागदावर मिळाल्याशिवाय अंगठा किंवा सही करायची नाही. आणि सगळं रान एकाच पिकाखाली घालायचं नाही.