कार्तिकातला बांध आणि पाण्याची पाळी

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मासाची सांगता होते. साधु-साध्वींचे विहार पुन्हा सुरू होतात आणि चार महिने पालेभाजी वर्ज्य केलेल्या घरांच्या स्वयंपाकात माठ, मेथी, चवळीची कोवळी पाने परत येतात. योगायोग असा, की सिंधुदुर्ग जिल्ह्यात, विशेषतः मालवणच्या किनाऱ्यालगतच्या वाड्यांतून, भाजीचा मुख्य हंगामही याच सुमारास उभा राहू लागतो. पावसाळी भाताची कापणी आटोपलेली असते. व्हाळ, म्हणजे गावातला ओढा, अजून वाहता असतो. त्याचे पाणी खाडीला मिळण्यापूर्वी अडवावे म्हणून वाडीतील माणसे कुदळ, फावडी आणि घमेली घेऊन एकत्र जमतात. दगड, माती, झाडांच्या फांद्या यांनी व्हाळावर बांध घातला जातो. अलीकडे त्यासाठी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून त्या एकावर एक रचतात. अडलेले पाणी पाटाने मळ्यांत फिरते आणि शिमग्यापर्यंत वाफे हिरवे राहतात.

या कामाला सहसा नोंदणीकृत संस्थेचे नाव नसते, अध्यक्ष नसतो, पावतीपुस्तक नसते. तरीही ती एक संस्थाच आहे. आपल्या बाजारपेठेत गावठी भाजीची टोपली घेऊन बसणारी स्त्री बहुधा अशाच एखाद्या अदृश्य संस्थेची सभासद असते. तिची भाजी आपण वर्षानुवर्षे घेत आलो आहोत. ती भाजी ज्या व्यवस्थेतून येते, तिच्याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते.

पावसाचा प्रदेश, उन्हाळ्याची टंचाई

सिंधुदुर्गात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्या पावसाच्या प्रदेशात पाणी अडवण्याची गरज ती कोणती, असे घाटावरील वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हा पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. खाली सच्छिद्र जांभा दगड आहे, आणि सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतची वाट उताराची व अगदी थोड्या अंतराची आहे. गड नदी असो वा कर्ली, डोंगरात उगम पावून खाडीला मिळेपर्यंत तिला फारशी उसंत मिळत नाही. त्यामुळे श्रावणात तुडुंब भरलेली विहीर चैत्र-वैशाखात तळ दाखवू लागते.

किनाऱ्यालगत आणखी एक संकट असते. जमिनीतील गोड्या पाण्याची पातळी खाली गेली, की खारे पाणी आत सरकते आणि विहिरीचे पाणी मचूळ होते. मचूळ पाणी पिण्याच्या कामाचे नाही आणि भाजीच्याही नाही. व्हाळात अडवलेले पाणी हळूहळू जमिनीत मुरते व आसपासच्या विहिरींना आधार देते. म्हणजे बांध घालण्याचा लाभ केवळ मळा करणाऱ्यापुरता राहत नाही. ज्याने वाफा केलेलाच नाही, अशा शेजाऱ्याच्या विहिरीलाही तो मिळतो. बांधाच्या श्रमाला सर्व घरांतून माणूस यावा, या अपेक्षेमागचा हिशेब हाच आहे.

वीस वाफे, एक कुंपण

व्यापारी कुटुंबांना हिशेब लवकर पटतो, म्हणून एक साधे गणित मांडतो. भात कापून झाले, की कोकणात गुरे मोकळी सोडण्याची रीत आहे. अशा वेळी एखाद्या कुटुंबाने एकट्याने एक गुंठ्याचा मळा केला, तर पंचक्रोशीतील गुरांची दृष्टी त्या एकाच हिरव्या तुकड्याकडे वळते. एक गुंठा म्हणजे साधारण दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद जागा. तिला चारी बाजूंनी चाळीस मीटर कुंपण लागते. वीस कुटुंबांनी वीस ठिकाणी मळे केले, तर आठशे मीटर कुंपण झाले. तेच वीस गुंठे शेजारी शेजारी, पन्नास मीटर लांब आणि चाळीस मीटर रुंद अशा एका पट्ट्यात आले, तर सर्वांभोवती मिळून एकशेऐंशी मीटर कुंपण पुरते. काटेरी फांद्यांची वई घालायची असो वा दगडी गडगा दुरुस्त करायचा असो, श्रम चौथाईहून कमी होतात.

राखणीचेही तसेच. माकडे हाकण्यासाठी आज एकाने बसावे, उद्या दुसऱ्याने. पाण्याचेही तसेच. आज वरच्या वाफ्याची पाळी, उद्या खालच्याची. ज्याची पाळी असेल त्याने पाटाचे तोंड आपल्याकडे वळवायचे आणि वेळ संपताच पुढच्यासाठी मोकळे करायचे. पाटाच्या तोंडाशी ज्याचा वाफा आहे त्याला पाणी आपसूक मिळते. शेवटच्या टोकाला ज्याचा वाफा आहे, त्याचे सारे पीक वरच्यांच्या सचोटीवर अवलंबून असते. कोणत्याही पाणीवाटपाची परीक्षा या शेवटच्या वाफ्यावर होते.

मळ्याचे वर्ष

या सामूहिक बागेचे वर्ष मृग नक्षत्रापासून मोजावे लागते. जूनच्या पहिल्या सरींबरोबर परड्यात, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, पडवळ, दोडका, काकडी, भेंडी यांचे बी पडते आणि वेलांसाठी मांडव उभे राहतात. आषाढ-श्रावणात टाकळा, कुर्डू, भारंगी, अळू या न पेरलेल्या भाज्या निसर्गच पुरवतो.

भाद्रपदात गणेशचतुर्थीला घरोघरी माटवी बांधतात. मूर्तीवरच्या लाकडी चौकटीला आंब्याचे टहाळे, नारळ, सुपारीचे घोस, तवसे नावाची मोठी काकडी, केशरी कवंडळ, कांगले, हरणाची फुले असे त्या ऋतूत शिवारात व रानात जे जे पिकते ते टांगले जाते. माटवीसाठी लागणारे सर्व जिन्नस एकाच घराच्या परड्यात क्वचितच सापडतात. एकाकडचे तवसे दुसऱ्याकडे जाते, दुसऱ्याकडची सुपारी तिसऱ्याकडे. शिवाराची वार्षिक यादीच जणू घराच्या छताखाली मांडली जाते, आणि लहान मुले वनस्पतींची नावे तेथेच शिकतात.

आश्विनात भाताच्या लोंब्या दाराशी बांधून नव्याचा सण होतो. दिवाळी व तुलसीविवाह आटोपला, की बांधाचे दिवस येतात. भाताच्या खाचरात उरलेल्या ओलाव्यावर कुळीथ, चवळी, वाल पेरले जातात. पाटाच्या किंवा विहिरीच्या पाण्यावर लाल माठ, वांगी, मिरची, मुळा होतो. जेथे पाणी भरपूर, तेथे वायंगण, म्हणजे उन्हाळी भात. पूर्वी अनेक विहिरींवर गाडग्यांचे राहाट होते, लाटेने पाणी काढले जाई. आज त्यांची जागा पंपाने घेतली आहे. हाच काळ गावोगावच्या जत्रांचा आणि दशावतारी दहीकाल्यांचा. दिवसा वाफ्यांना पाणी द्यावे आणि रात्री देवळासमोर नाटक पाहावे, असा या महिन्यांचा क्रम.

फाल्गुनात शिमगा येतो, पाट आटू लागतो. चैत्र-वैशाखात बियाणे राखण्याचे काम. निवडलेला दोडका वा पडवळ वेलावरच पिकू देतात, वाळवून उंच टांगून ठेवतात, कडधान्याच्या बियांना राख चोळतात. किडीपासून बचाव करण्याचा हा जुना, साधा मार्ग आहे. मग पुन्हा पाऊस येतो आणि पहिल्या मोठ्या पुरात कच्चा बांध वाहून जातो. पुढच्या कार्तिकात तो नव्याने घालावा लागतो.

अन्यत्रचे अनुभव

वाटून घेतलेल्या जमिनीची आणि पाण्याची ही कल्पना केवळ कोकणची नाही. आपल्याच राज्यात धुळे-नाशिक भागात, पांझरा आणि मोसम या नद्यांवर, फड पद्धत काही शतके चालत आली. तेथे बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडून एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, पाटकऱ्याने प्रत्येक शेताला क्रमाने पाणी द्यायचे, जागल्याने राखण करायची आणि पंचांनी तंटे सोडवायचे, असा नियम होता.

युरोपात जर्मनीतील लाइपझिग शहरात १८६४ साली हाउशिल्ड नावाच्या शिक्षकाने एक मंडळ स्थापन केले व त्याला दिवंगत डॉक्टर श्रेबर यांचे नाव दिले. मुलांना खेळायला मोकळे मैदान मिळावे हा मूळ हेतू होता. मैदानाच्या कडेने वाफे झाले, आणि तेथून शहरी बागमंडळांची चळवळच उभी राहिली. इंग्लंडमध्ये १९०८ च्या कायद्याने मागणी असेल तेथे नागरिकांना भाड्याने वाफे देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. तेथील प्रमाणित वाफा सुमारे अडीचशे चौरस मीटरचा, आपल्या हिशेबाने अडीच गुंठ्यांचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या वाफ्यांनी त्या देशाच्या अन्नपुरवठ्याला मोठा हातभार लावला. लंडन-लेस्टरकडे स्थायिक झालेल्या आपल्या आप्तांना हे वाफे परिचित असतील.

कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या द्वारे हाच विचार निराळ्या अंगाने मांडला. शेतकऱ्यांनी आपल्या शेतातील प्रयोग एकमेकांना कळवावेत, आणि दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचा चरितार्थ चालावा, हे त्यांचे आग्रहाचे प्रतिपादन होते.

या सर्वांत एक समान धागा आहे. जमीन थोडी असली तरी चालते, पण नियम सर्वांना ठाऊक असावे लागतात आणि ते पाळणारी माणसे जागेवर असावी लागतात.

उणे झालेले हात

सिंधुदुर्गाची अडचण नेमकी येथे आहे. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. देशाची लोकसंख्या वाढत असताना येथे दहा वर्षांत एकोणीस हजारांवर माणसे कमी झाली. मुंबईला चाकरीसाठी जाण्याची परंपरा जुनी आहे. चाकरमानी चतुर्थीला येतो, माटवी बांधतो आणि परततो. कार्तिकातल्या बांधाला तो हजर नसतो. मागे राहिलेल्यांत स्त्रिया आणि वृद्ध अधिक. त्यातच १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. किनाऱ्यावर रोजगार आला हे खरे, आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु पाहुण्यांचा मोसम आणि मळ्याचा मोसम एकाच महिन्यांत येतात, आणि घरातले हात दोहोंकडे पुरत नाहीत.

परिणामी कोल्हापूर-बेळगावहून घाट उतरून येणाऱ्या भाजीवर जिल्ह्याची भिस्त आहे. ती भाजी वाईट आहे असे मुळीच नाही. तिने अनेक घरांची सोय केली आहे आणि आपल्यापैकी काहींचा व्यवसायही. पण वीस वाफ्यांपैकी पाच पडीक पडले, तर उरलेल्या पंधरांवर तेच कुंपण, तीच राखण आणि तोच पाट येतो. दहा पडले की ओझे दुप्पट होते. मग एके वर्षी बांध घातलाच जात नाही आणि सगळेच वाफे एकदम संपतात. शासनाच्या मोहिमांतून दरवर्षी वनराई व कच्चे बंधारे घातले जातात, जागोजागी पक्के बंधारेही झाले आहेत. त्यांची गरज आहेच. तथापि पक्क्या बंधाऱ्यातले पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचवायला पाळी पाळणारी माणसे लागतातच. ती सिमेंटने मिळत नाहीत.

पेढीवरून काय करता येईल

व्यापाऱ्याने शेती करावी असे कोणी म्हणणार नाही. पण आपल्या हाती काही गोष्टी निश्चित आहेत. बाजारपेठेत आपल्या दुकानांना ओटे आहेत. बाजाराच्या दिवशी गावठी भाजीच्या टोपल्यांना सावलीची जागा मिळाली, तर दुपारपर्यंत माठाची जुडी कोमेजत नाही आणि ती पडत्या भावाने विकावी लागत नाही. पालेभाजी टिकत नाही, पण कुळीथ, चवळी आणि वाल टिकतात. हे जिन्नस गावातूनच, चोख वजनाने आणि रोख घेऊन वर्षभर दुकानात ठेवता येतात. कुळथाच्या पिठीला मुंबई-पुण्यात गिऱ्हाईक आहे, हे आपल्याला सांगावयास नको. मृगापूर्वी बियाण्यासाठी लागणारी लहानशी रक्कम बिनव्याजी पुढे करणे आणि ती कडधान्यात वळती करून घेणे, ही आपल्या वाडवडिलांना ठाऊक असलेली रीत आहे. ज्यांच्या मालकीच्या जागा किनाऱ्यालगत वर्षानुवर्षे पडून आहेत, त्यांनी एका हंगामापुरता लेखी करार करून त्या शेजारच्या वाडीला वाफ्यांसाठी द्याव्यात. मालकी सुरक्षित राहते आणि जागा रानात जात नाही.

आपल्या आहारनियमांमुळे मुळा, रताळी, करांदे आपण घेत नाही. परंतु माठ, चवळी, वाल, दोडका, पडवळ यांना आपल्या घरांतून कायमची मागणी आहे. चातुर्मास संपताना ही मागणी वाढते, आणि त्याच वेळी मळ्यातली भाजी तयार होऊ लागते. हंगामाच्या आरंभी चार घरांनी मिळून एखाद्या वाडीला आठवड्याची भाजी आगाऊ सांगून ठेवली, तर किती वाफे करायचे हे त्या वाडीला ठरवता येते. विक्रीची खात्री असेल, तर कार्तिकात बांधावर दोन माणसे अधिक येतात.

बांध घालण्याचे दिवस मोजकेच असतात. तुलसीविवाहानंतर व्हाळाचे पाणी दिवसागणिक उतरू लागते, आणि उशिरा घातलेल्या बांधामागे अडवायला फारसे काही उरत नाही. आगाऊ मागणी सांगायची, ती दिवाळीपूर्वीच सांगावी.