नोट स्वतः बोलते, कार्डाला साक्षीदार लागतात

पाकिटातून पाचशेची नोट काढा, डोळे मिटा आणि तिच्या आखूड कडेवरून अंगठा फिरवा. बोटाला तिरप्या, किंचित उठलेल्या रेघा लागतील. त्या पाच आहेत, दोन्ही कडांना. शंभरच्या नोटेला चार. उजव्या बाजूला थोडं आत सरका, तिथे एक उठावदार वर्तुळ सापडेल. शंभरच्या नोटेवर त्या जागी त्रिकोण असतो. दृष्टिहीन माणसालाही आपली किंमत सांगता यावी म्हणून नोटेने केलेली ही सोय. कडक, कोऱ्या नोटेवर ती स्पष्ट कळते. मळलेल्या नोटेवर जरा शोधावी लागते.

आता त्याच पाकिटातलं कार्ड काढा. गुळगुळीत प्लास्टिक, लांबी ८५.६ मिलिमीटर, जगात कुठेही जा, हीच. या कार्डात पैसे किती आहेत? एक नवा पैसाही नाही! खात्यात लाखभर असोत की शिल्लक शून्य असो, कार्डावर त्याची खूण कुठेच नसते.

तरीही मेडिकलवाला नोट घेऊन औषध देतो आणि कार्ड टेकवलं तरी देतो. दोन्ही वेळा त्याच्या मनात एकच प्रश्न असतो: हे खरं कशावरून? या प्रश्नाला नोट आणि कार्ड इतकी वेगळी उत्तरं देतात की त्यांना एकाच पाकिटात जागा मिळते हेच नवल वाटावं.

या प्रश्नाने एका बादशहाला धूळ चारली आहे. राजधानी दिल्लीहून आपल्या देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवणारा मुहम्मद बिन तुघलक आपल्याला ठाऊक आहेच. साधारण १३२९-३० च्या सुमारास त्याने आणखी एक प्रयोग केला. तांब्या-पितळेची नाणी पाडली आणि हुकूम काढला की ही चांदीच्या टंक्याइतक्याच किमतीची समजा. कल्पना वेडगळ होती का? मुळीच नाही. आज आपण कापसाच्या तुकड्याला पाचशे रुपये मानतोच की. चीनच्या सिचुआन प्रांतात तर त्याच्या तीनशे वर्षं आधी जड लोखंडी नाण्यांना कंटाळून लोक कागदी पैसा वापरू लागले होते.

तुघलकाचं घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. नाण्यावर मजकूर होता की सुलतानाची आज्ञा पाळणारा देवाचीच आज्ञा पाळतो. पण ते नाणं खऱ्या टांकसाळीतलं की शेजारच्या तांबटाकडचं, हे ओळखायचं कसं? ओळखायला काही खूणच नव्हती. त्या काळचा इतिहासकार झियाउद्दीन बरनी लिहितो की घरोघरी टांकसाळी निघाल्या. शेवटी बादशहाने ती नाणी परत घेतली, बदल्यात खजिन्यातलं सोनं-चांदी दिलं, आणि तुघलकाबादेत तांब्याचे ढीग पडले. हुकूम निघाला, पण पुरावा नव्हता. आपल्या नोटेवरची प्रत्येक रेघ जणू या फजितीतून शिकलेला धडा आहे.

हा धडा जिथे गिरवला जातो त्यातली एक जागा म्हणजे नाशिकरोड. भारतीय नोटा आधी इंग्लंडहून छापून येत. १९२८ पासून त्या नाशिकच्या छापखान्यात छापल्या जाऊ लागल्या. मुळात नोटेचा कागद आपल्या वहीच्या कागदासारखा लाकडाच्या लगद्याचा नसतोच, तो असतो शुद्ध कापसाचा. म्हणून तर पँटच्या खिशात राहून धुतली गेलेली नोटही दोरीवर वाळते आणि संध्याकाळी भाजीला चालते. त्याच खिशातल्या वाण्याच्या बिलाचा मात्र भुगा झालेला असतो.

मग त्या कागदावर पुराव्यांची रास रचली जाते. गांधीजींचं चित्र बोटाला जाणवतं, कारण ते खोल कोरलेल्या पत्र्यावरून प्रचंड दाबाखाली छापलेलं असतं. नोट उजेडात धरली की कागदाच्या पोटात दडलेले गांधीजी दिसतात. पाचशेची नोट कलती केली की तिच्यातला हिरवा धागा निळा होतो. शंभरच्या नोटेवर तर काही अक्षरं इतकी बारीक आहेत की वाचायला भिंग लागतं. आणि नोटेचा क्रमांक नीट पाहिलात कधी? त्यातले आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात!

हे सगळं तपासायला दुकानदाराला काय लागतं? बोट, डोळा आणि थोडा उजेड. फोन नको, वीज नको, कुणाला विचारायला नको. नोट आपली साक्ष आपणच देते. ती फाटली तरी पुरती मरत नाही. पन्नास किंवा त्याहून मोठ्या नोटेचा सर्वांत मोठा अखंड तुकडा मूळ आकाराच्या ८० टक्क्यांहून जास्त असेल, तर बँक पूर्ण पैसे देते. ४० ते ८० टक्के असेल, तर अर्धे. चक्क क्षेत्रफळ मोजून! शाळेतल्या भूमितीचा इतका रोकडा उपयोग दुसरा सापडणार नाही.

आता वळू कार्डाकडे. त्याच्यावरचा लांबलचक आकडा यादृच्छिक वाटतो, पण तो शिस्तीचा आहे. पहिले सहा ते आठ आकडे कार्ड कुठल्या जाळ्याचं आणि कुठल्या बँकेचं ते सांगतात. शेवटचा आकडा मात्र राखणदार आहे. आयबीएमचे हान्स पीटर लून यांनी १९५४ साली या युक्तीच्या पेटंटसाठी अर्ज केला. छोट्या आकड्यावर करून पाहू: १७८९७. उजवीकडून सुरुवात करा आणि एक सोडून एक आकडा दुप्पट करा. उत्तर दोन अंकी आलं तर त्यातले अंक मिळवा. ७ तसाच. ९ चे १८, म्हणजे १ अधिक ८, नऊ. ८ तसाच. ७ चे १४, म्हणजे पाच. १ तसाच. बेरीज ३०. दहाने भाग गेला, आकडा पास! आता घाईत ८ आणि ९ ची अदलाबदल करा: १७९८७. बेरीज २९. नापास. एखादा आकडा चुकला तर ही युक्ती हमखास पकडते आणि शेजारच्या आकड्यांची अदलाबदलही जवळजवळ नेहमीच. ऑनलाइन खरेदी करताना चुकीचा नंबर टाकला की वेबसाइट लगेच कशी ओरडते, ते कळलं? तिला बँकेत विचारायलाही जावं लागत नाही.

पण नंबर बरोबर असणं वेगळं आणि कार्ड खरं असणं वेगळं. कार्डामागच्या काळ्या चुंबकी पट्टीचा जन्म १९६०च्या सुमाराचा. आयबीएमचे फॉरेस्ट पॅरी प्लास्टिकवर चुंबकी टेप चिकटवायला धडपडत होते आणि काही केल्या जमत नव्हतं. घरी त्यांची पत्नी कपड्यांना इस्त्री करत होती. ती म्हणाली, इस्त्रीने चिकटवून बघा. चिकटली! पट्टीत खोट एकच होती: ती दरवेळी तेच बोलते. एकदा ऐकून घेतलं की भामट्याला तिची हुबेहूब नक्कल करता येते. तुघलकाचं दुखणं पुन्हा उपटलं.

त्यावरचा इलाज म्हणजे ती सोनेरी चिप. फ्रान्सच्या रोलाँ मोरेनो यांनी १९७४ साली अशा कार्डाचं पेटंट घेतलं. नखाएवढ्या त्या चौकोनात आकडेमोड करणारा अख्खा संगणक आहे. मग त्याला वीज कोण पुरवतं? कार्डात सेल नाही, चार्जिंग नाही. कार्ड नुसतं मशीनला टेकवलं तरी काम होतं, हे कसं?

कार्डाच्या पोटात कडेने तारेची वेटोळी फिरवलेली असतात. मशीन आपल्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार करतं, सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार वेळा हेलकावणारं. वेटोळी त्या क्षेत्रात शिरली की तारेत आपोआप वीज वाहू लागते. मायकेल फॅरेडेने १८३१ साली शोधलेला हा नियम. स्वयंपाकघरातली इंडक्शन शेगडी चालते तीही याच्याच जोरावर. म्हणजे गल्ल्याजवळ तुमचं कार्ड क्षणभर मशीनच्या विजेवर जागं होतं, काम उरकतं आणि दूर नेलं की पुन्हा झोपी जातं.

त्या क्षणात ते काय करतं? मशीन त्याला रक्कम, तारीख आणि एक मनाला येईल तो आकडा देतं. कार्ड त्यात स्वतःच्या व्यवहारांचा चालू क्रमांक मिसळतं आणि आत दडलेल्या गुप्त किल्लीने त्याचं एक उत्तर काढतं. हे पिठाच्या गिरणीसारखं आहे. धान्य घातलं की पीठ पडतं, पण पिठावरून जात्याचे दात कसे टाकलेत ते कुणाला सांगता येत नाही. अगदी तशीच टाकी दिलेलं दुसरं जातं तुमच्या बँकेत आहे. तेच धान्य ती आपल्या जात्यात दळते आणि दोन्ही पिठं ताडून पाहते. जुळली की कार्ड खरं. पुढच्या वेळी धान्यच वेगळं, त्यामुळे आजचं पीठ चोरून उद्या काही उपयोग नाही. किल्ली कार्डाच्या बाहेर कधी पडतच नाही.

हे उत्तर बँकेपर्यंत पोचतं कसं? आधी दुकानदाराच्या बँकेकडे, तिथून रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या जाळ्यात आणि मग तुमच्या बँकेत. तिथे पाहणी होते: कार्ड चोरीचं नाही ना? शिल्लक आहे ना? पीठ जुळतंय ना? होकार त्याच वाटेने परत येतो आणि मशीनमधून कागद सरसरत बाहेर पडतो. दोन-तीन सेकंदांत एवढ्या सगळ्यांची साक्ष झाली!

आणि गंमत अशी की इतकं होऊनही पैसे हललेलेच नाहीत. दुकानदाराला मिळाला तो फक्त शब्द. बँका दिवसभराचे लाखो व्यवहार गोळा करतात, तू मला किती, मी तुला किती, याची वजाबाकी करतात आणि फरक तेवढा देतात. दुकानदाराच्या खात्यात रक्कम येते साधारण दुसऱ्या दिवशी. नोट दिली की हिशेब जागीच संपतो. कार्ड टेकवलं की सुरू होतो.

साक्षीदार म्हटले की त्यांचा मेहनताना आला. क्रेडिट कार्डाच्या व्यवहारात दुकानदाराला बिलाच्या दोनेक टक्क्यांवर पाणी सोडावं लागतं. त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवर मात्र १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला हे शुल्क नाही. शिवाय साक्षीदार विसरत नाहीत. नोटेवर क्रमांक असतो, पण वाणी तो वहीत उतरवून घेत नाही. कार्डाचा व्यवहार मात्र तीन-चार ठिकाणी नोंदला जातो. म्हणून रस्त्यात पडलेली नोट ज्याला सापडली त्याची होते, आणि हरवलेलं कार्ड एका फोनवर नुसतं प्लास्टिक होऊन जातं.

आपल्या मनालाही हा फरक कळतो. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी विद्यार्थ्यांना बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली. काहींना सांगितलं पैसे रोख द्यायचे, काहींना सांगितलं कार्डाने. २००१ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा: कार्डवाल्यांची सरासरी बोली रोखवाल्यांच्या दुपटीहून जास्त! तिकिटं तीच, सामना तोच. हातातून नोट सुटताना काळजात जे चर्र होतं, ते टॅप करताना होत नाही.

एव्हाना तुम्ही म्हणाल, अहो, आता चहाच्या टपरीवर कार्ड तरी कोण काढतं? खरंय. २०१६ साली आलेल्या यूपीआयने प्लास्टिकचीही गरज संपवली. पण दुकानदाराचा प्रश्न संपला का? क्यूआर कोडशेजारी ठेवलेला तो छोटा भोंगा आठवा, पैसे जमा झाल्याचं मराठीत खणखणीत सांगणारा. वडे तळणाऱ्याचे हात पिठात, नजर कढईवर. तरी त्याला कळायला हवं की गिऱ्हाइकाने दाखवलेला स्क्रीन खरा आहे. साक्षीदारांना अखेर आवाज फुटला!

आता शेवटचं आणि सगळ्यात मोठं नवल. नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही असते आणि तिच्यासोबत एक वचन: धारकाला एवढे रुपये देईन. ते शोभेचं नाही. रिझर्व्ह बँकेच्या ताळेबंदात तुमच्या हातातली नोट 'देणे' या बाजूला मांडलेली असते. म्हणजे नोट हे रिझर्व्ह बँक तुम्हाला लागत असलेलं देणं. खात्यातली शिल्लक? ते तुमच्या बँकेचं देणं, आणि बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंत विम्याने सांभाळलेलं. तुम्ही रोख द्या की कार्ड टेकवा, दुकानदार घेतो ते कुणाचं तरी वचनच. निवड एवढीच, की ते कुणाचं.

याला अपवाद आहे एका नोटेचा. एक रुपयाची नोट रिझर्व्ह बँक काढत नाही, भारत सरकार काढतं. तिच्यावर सही असते वित्त सचिवांची आणि वचन कुठेही नसतं. कायद्याच्या नजरेत ती नाण्याच्याच रांगेत बसते. लग्नातल्या आहेराच्या पाकिटाला आपण वर एक रुपयाचं नाणं चिकटवतो ना? आतल्या पाचशेवर गव्हर्नरांनी शब्द दिलेला आहे. बाहेरच्या त्या रुपयाने मात्र कुणालाच काही कबूल केलेलं नाही.