शिरोळ लिहिताना रोमन वळसा कशाला?

शिरोळ हे नाव रोमन अक्षरांत टाइप केले की शेवटी ‘एल’ येतो आणि त्या एका ‘एल’मध्ये ल आणि ळ दोन्ही कोंबलेले असतात. नेमका कोणता हवा, हे मोबाइल किंवा संगणक अंदाजाने ठरवतो. शिरोळ तालुक्यातली इतर नावे घ्या. टाकळीचे टाकली किंवा टकली होऊ शकते, नांदणीचे नंदनी, शेडशाळचे शेदशाल. ट आणि त, ड आणि द, ण आणि न, ऱ्हस्व आणि दीर्घ असे ज्या भेदांवर मराठी उभी आहे, तेच रोमनमध्ये जाताना पुसले जातात आणि परत येताना यंत्राच्या अंदाजाने भरले जातात. तरीही असंख्य मराठी माणसे आज असेच लिहितात. हा वळसा चिनी लोकांना गरजेचा होता. आपल्याला तो कधीच गरजेचा नव्हता, असे माझे म्हणणे आहे.

चीनची अडचण खरी होती. तिथे नेहमीच्या वापरातल्या चिन्हांची १९८८ची सरकारी यादीच ३,५०० चिन्हांची होती. एवढी चिन्हे कळफलकावर मावणार कशी? वांग योंगमिन यांनी १९८०च्या दशकात ‘वूबी’ ही पद्धत आणली. तिच्यात चिन्हांचे घटक कळांवर वाटून दिलेले असतात. सराव झाला की वेग उत्तम मिळतो, पण पाठांतर फार. सामान्य लोकांनी उचलली ती पिनयिन. उच्चार रोमन अक्षरांत टाइप करायचा, त्या उच्चाराच्या चिन्हांची क्रमांक घातलेली यादी पडद्यावर येते आणि हवे ते चिन्ह अंक दाबून निवडायचे. ‘श’सारख्या एकाच उच्चारात दहा, दगड, शहर, काम असे कितीतरी अर्थ दडलेले असतात, म्हणून निवड टळत नाही. हे जमले याचे कारण निव्वळ यंत्राची हुशारी नव्हे. झोउ योउग्वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली पिनयिन फेब्रुवारी १९५८मध्ये अधिकृत झाली आणि पुढे प्राथमिक शाळेत पहिल्यापासून शिकवली जाऊ लागली. कोणता उच्चार रोमनमध्ये कसा लिहायचा, याबद्दल तिथे दुमत नाही. किंमत मात्र मोजावी लागली. कागदावर लिहायची वेळ आली की चिन्ह आठवत नाही, अशी तक्रार तिथले सुशिक्षितही करतात.

आपल्याकडे उलटे आहे. मराठी रोमनमध्ये कशी लिहावी, हे कोणत्याही शाळेत शिकवलेले नाही. आईला कोणी एक ‘ए’ लावतो, कोणी दोन. ज्ञानाची सुरुवात कोणी ‘डी’ने करतो, कोणी ‘जे’ने, कोणी ‘जी’ने. म्हणजे चीनला रोमन वळसा सोपा करणारा जो नियम मिळाला, तोच आपल्यापाशी नाही. याउलट चीनला जे कधी शक्य नव्हते ते आपल्याला सहज शक्य आहे: देवनागरी साध्या कळफलकावर मावते. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६मध्ये इनस्क्रिप्ट ही मांडणी पुढे आणली आणि १९९१च्या भारतीय मानकात ती घेतली गेली. स्वर आणि त्यांच्या खुणा डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला. क ज्या कळीवर, शिफ्ट दाबून ख तिथेच. त-थ, ट-ठ, ग-घ यांच्या जोड्याही तशाच, आणि ल-ळसुद्धा एकाच कळीवर. श, पहिली वेलांटी, र, काना-मात्रा, ळ एवढे दिले की शिरोळ तयार. पडद्यावरच्या यादीत शोधायचे काही नाही. जोडाक्षरासाठी दोन व्यंजनांमध्ये हलन्ताची कळ दाबायची, बस्स. शिरोळसारख्या सीमेवरच्या तालुक्यात आणखी एक लाभ आहे. इनस्क्रिप्टची मांडणी भारतीय लिप्यांना सामायिक आहे, त्यामुळे मराठी क ज्या कळीवर, कन्नड क त्याच कळीवर. ज्याला दोन्ही लिप्या वाचता येतात, त्याच्या बोटांना दुसऱ्यांदा शिकावे लागत नाही.

आता आक्षेप. पहिला असा की यंत्राचे अंदाज इतके सुधारले आहेत की चूक क्वचित होते. वाक्यातल्या नेहमीच्या शब्दांपुरते ते खरे आहे आणि रोमनच्या सोयीमुळे लाखो लोक मराठीत लिहू लागले, हेही मी मोकळेपणाने मान्य करतो. पण अंदाज रुळलेल्या शब्दांकडे झुकतो. गावे, आडनावे, शेताशिवारातले आणि बोलीतले शब्द तिथेच मागे पडतात. युनिकोडमध्ये ल आणि ळ यांचे क्रमांक शेजारी असले, तरी संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरे आहेत. ‘शिरोळ’ शोधले तर ‘शिरोल’ लिहिलेली नोंद हाती लागेलच असे नाही. सातबाऱ्यावर नाव चुकले तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५खाली दुरुस्तीसाठी अर्ज करावा लागतो आणि ते हेलपाटे शेतकऱ्याला घालावे लागतात. बोलून टाइप करण्यालाही हीच मर्यादा आहे: अनोळखी नाव ऐकले की यंत्र ओळखीच्या शब्दाकडे वळते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इंग्रजी कळा सर्वांना पाठ आहेत, मग नवी मांडणी कोण शिकणार? शिवाय टायपिंगच्या क्लासमध्ये अनेकांनी टंकलेखन यंत्रावरून आलेली रेमिंग्टन मांडणी शिकलेली असते. ज्यांचा हात तिथे बसला आहे, त्यांना हलवण्याची गरज नाही. त्यांच्या हातूनही देवनागरी थेटच उमटते. प्रश्न अजून कोणतीच मांडणी न शिकलेल्या मुलांचा आहे. लिपिक-टंकलेखक व्हायचे तर मिनिटाला ३० मराठी शब्दांची परीक्षा द्यावी लागते, म्हणजे थेट देवनागरीची गरज सरकारलाही मान्य आहे. मग ते शिक्षण नोकरीच्या उंबरठ्यावर, पदरचे पैसे भरून का घ्यायचे? बाराखडी येणाऱ्या मुलाला इनस्क्रिप्टची रचना ओळखीचीच वाटेल, कारण ती वर्णमालेच्या वर्गांवरच बेतलेली आहे. विंडोजमध्ये ती मुळातच असते, लिनक्समध्येही मिळते. विकत काही घ्यावे लागत नाही. शिरोळ, जयसिंगपूर, कुरुंदवाड इथल्या ज्या शाळांत संगणकाचा तास होतो, तिथे पाचवीपासून आठवड्यातला एक तास यासाठी ठेवावा आणि सरावाला मुलांना आपापल्या गावांची, शेजाऱ्यांची आणि नदीकाठच्या शिवारांची नावे लिहायला द्यावीत.