यंत्र कोणाचंही, परीक्षा एकच

२९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. तो सोहळा सगळ्यांच्या लक्षात आहे. नोंदणीची यंत्रणा कशी बेतली होती, हे मात्र फारसं बोललं जात नाही.

नोंदणीच्या संचात लॅपटॉप, ठशांचा स्कॅनर, बुबुळं टिपणारा कॅमेरा, वेबकॅम, प्रिंटर आणि समोरच्या माणसाला आपली माहिती वाचता यावी म्हणून वेगळा मॉनिटर. स्कॅनर एका कंपनीचा, कॅमेरा दुसरीचा. पुढच्या केंद्रावर दोन्ही तिसरीचेच. प्रत्येक मॉडेलसाठी सॉफ्टवेअर बदलत बसणं परवडणारं नव्हतं. म्हणून सॉफ्टवेअर काय मागेल आणि उपकरणाने ते कोणत्या साच्यात द्यायचं, एवढंच आधार देणाऱ्या प्राधिकरणाने ठरवून दिलं. आपलं उपकरण त्या साच्यात बसवणारा प्लगिन लिहिणं उत्पादकाकडे. शिवाय ‘एसटीक्यूसी’ या सरकारी यंत्रणेचं प्रमाणपत्र हवंच.

आधी एका हाताची चार बोटं, मग दुसऱ्याची, शेवटी दोन्ही अंगठे. ठसा पास की नापास, हे सॉफ्टवेअर तिथल्या तिथे सांगतं. ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या मजुराच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. ऑपरेटर ओलं फडकं पुढे करतो, “बाबा, जरा दाबून धरा.” चार वेळा करूनही जमलं नाही, तर त्यातला बरा ठसा ठेवून नोंदणी पुढे सरकते. नापास झालेल्याची वाटही नियमातच आखलेली आहे.

दुसरी परीक्षा दुबार नोंदी शोधणाऱ्यांची. त्यासाठी २०१० मध्येच अ‍ॅक्सेंचर, महिंद्रा सत्यम-मॉर्फो आणि एल-वन यांचे तीन गट नेमले. जोडणी तिघांनाही सारखीच. ज्याचं काम अचूक आणि वेगवान, त्याच्याकडे जास्त नोंदी. पैसे कामागणिक. पारख करायला, उत्तर आधीच ठाऊक असलेल्या नोंदी वापरल्या. ८.४ कोटी नोंदींच्या साठ्याशी ३१,३९९ ज्ञात दुबार नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा ११ निसटल्या. उलट बाजूने, ४० लाख नोंदींपैकी २,३०९ विनाकारण दुबार ठरल्या. प्रमाण ०.०५७ टक्के, पण १०० कोटींवर तेच प्रमाण धरलं तर ५ लाख ७० हजार माणसं होतात. म्हणून संशयित जोड्या शेवटी माणसाच्या नजरेखालून जातात.

तंत्रनिकेतनातल्या हार्डवेअर लॅबला आपोआप गुण देणारं सॉफ्टवेअर बांधायचं, तर हाच धडा उपयोगी पडेल. कुठल्या पिनवर, किती वेळात, किती व्होल्ट, एवढंच मूळ प्रोग्रॅमने विचारावं. ते कोणत्या कंपनीच्या किटवरून मोजलं, हे प्लगिनने सांभाळावं. आणि विद्यार्थ्यांच्या सर्किटांत मुद्दाम बिघडवलेलं एखादं सर्किट मिसळावं. त्याला पैकीच्या पैकी गुण पडले, तर त्या दिवशीचा निकाल रोखून आधी प्लगिन तपासावा.