व्हीएमची मेमरी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दोन सॉकेटचा सर्व्हर, रॅम भरपूर, प्रोसेसरवर ताण नाही, तरीही व्हीएममधला डेटाबेस रेंगाळतो. संशय आधी डिस्कवर जातो, मग नेटवर्कवर. मेमरी कोणत्या नोडवर, म्हणजे कोणत्या सॉकेटजवळ, बसली आहे, हे फार थोडे जण बघतात. केव्हीएम आणि लिबव्हर्ट वापरणाऱ्यांनी हे चार गैरसमज दूर करायलाच हवेत.

गैरसमज १: सर्व्हरमधली सगळी रॅम सारखीच.
वस्तुस्थिती: २००३ च्या ऑप्टेरॉनपासून एएमडीने आणि २००८ च्या नेहेलमपासून इंटेलने मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्येच आणला. त्यामुळे प्रत्येक सॉकेटची रॅम वेगळी. दुसऱ्या सॉकेटची रॅम वापरता येते, पण वेळ जास्त लागतो. या रचनेला न्यूमा म्हणतात. ‘न्यूमासीटीएल --हार्डवेअर’ चालवलं की स्वतःच्या नोडचं अंतर १० दिसतं, शेजारच्याचं बहुधा २० किंवा २१. हे आकडे तुलनेसाठी आहेत, नॅनोसेकंद नव्हेत.

गैरसमज २: व्हीसीपीयू पिन केले की मेमरी मागोमाग येते.
वस्तुस्थिती: पेज ज्या प्रोसेसरकडून पहिल्यांदा वापरलं जातं, सहसा त्याच्याच नोडवर लिनक्स त्याला जागा देतो. चालू व्हीएमचे व्हीसीपीयू नंतर दुसऱ्या नोडवर पिन केले, तर आधीची पेजेस जुन्याच नोडवर राहतात. कर्नलचं आपोआप होणारं न्यूमा बॅलन्सिंग काही पेजेस हलवतं. राखून ठेवलेल्या ह्यूजपेजेसना मात्र ते हात लावत नाही.

गैरसमज ३: मेमरी ठरलेल्या नोडवरच ठेवणारा ‘स्ट्रिक्ट’ मोड कधीही उत्तमच.
वस्तुस्थिती: नोडवरची जागा संपली, तर शेजारी कितीही रॅम मोकळी असो, ‘स्ट्रिक्ट’ ती घेत नाही. मग पेजेस स्वॅपवर जातात, नाहीतर व्हीएमच बंद पडतं. व्हीएमच्या कॉन्फिगरेशनमधल्या ‘न्यूमाट्यून’मध्ये मोड लिहिला नाही, तर लिबव्हर्ट ‘स्ट्रिक्ट’च धरतं. ‘प्रिफर्ड’ ठरलेल्या नोडवर आधी जागा शोधतो, नाही मिळाली तर दुसरीकडून घेतो. ‘इंटरलीव्ह’ पेजेस दिलेल्या नोडवर आळीपाळीने वाटतो.

गैरसमज ४: होस्टची रचना गेस्टला आपोआप कळते.
वस्तुस्थिती: सांगितल्याशिवाय गेस्टला एकच नोड दिसतो. समजा, होस्टवर ६४ जीबीचे दोन नोड आहेत आणि व्हीएम ९६ जीबीचं आहे. तर गेस्टला ४८ जीबीचे दोन ‘सेल’ द्या, ‘न्यूमाट्यून’मधल्या ‘मेमनोड’ने प्रत्येक सेल एकेका नोडला बांधा आणि त्या सेलचे व्हीसीपीयूही त्याच नोडवर पिन करा.

प्रोसेसर आणि मेमरीची जागा एकत्र ठरवा, तीही व्हीएम सुरू करण्याआधी. मग व्हीएमवर नेहमीचा भार आला की ते चालवणाऱ्या क्यूईएमयूचा प्रोसेस क्रमांक देऊन ‘न्यूमास्टॅट -पी’ चालवा. प्रत्येक नोडवर किती एमबी बसले, ते तिथे स्पष्ट दिसतं. कॉन्फिगरेशन फाइलपेक्षा त्या आकड्यांवर विश्वास ठेवा.