संगणकीय दप्तराचे स्थलांतर : यादी, तालीम आणि पडताळणी

कार्यालयातील कर्मचाऱ्याची बदली झाली की नोंदवह्या, किल्ल्या व प्रलंबित प्रकरणे यांची यादी करून कार्यभार सोपविण्यात येतो. जुन्या सर्व्हरवरील कारभार नव्या सर्व्हरवर नेणे हे असेच कार्यभार हस्तांतरण होय. अनेक संगणकांना माहिती व सेवा पुरविणारा मध्यवर्ती संगणक म्हणजे सर्व्हर.

काय न्यावयाचे?

स्थलांतरात तीन बाबी येतात : प्रत्यक्ष माहिती, वापरकर्त्यांची खाती व अधिकार, आणि यंत्रणेची सेटिंग. माहितीची नक्कल करणे त्या मानाने सोपे असते. अडचण येते ती उरलेल्या दोहोंत. सर्व्हर वापरकर्त्यास नावाने नव्हे, तर खात्याच्या अंतर्गत क्रमांकाने ओळखतो. नव्या सर्व्हरवर त्याच नावाचे खाते उघडले तरी क्रमांक बदलू शकतो. मग स्वतःच्याच फायली वापरकर्त्यास उघडत नाहीत, किंवा गोपनीय कागद भलत्याच व्यक्तीस दिसू लागतात. रात्री आपोआप बॅकअप घेण्याची व्यवस्था न्यावयाची राहून गेली, तर ती उणीव पुढील बिघाडापर्यंत लक्षातही येत नाही.

एका बँकेचा धडा

ब्रिटनमधील टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आपल्या सुमारे ५२ लाख ग्राहकांचा कारभार नव्या यंत्रणेवर नेला. माहिती सुखरूप पोहोचली. परंतु नवी यंत्रणा कोलमडली. असंख्य ग्राहकांना स्वतःच्या खात्यातील पैशांचे व्यवहार करता येईनात. कामकाज पूर्ववत होण्यास डिसेंबर उजाडला. २ लाख २५ हजारांहून अधिक तक्रारी आल्या. बँकेने ३ कोटी २७ लाख पौंड भरपाई दिली आणि नियामकांनी २०२२ मध्ये तिला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला. स्थलांतराच्या कामाचे नियोजन व नियंत्रण पुरेसे नव्हते, हा नियामकांचा मुख्य आक्षेप होता.

कार्यपद्धती

प्रथम खाती, अधिकार व सेटिंग यांची लेखी यादी करावी. बॅकअप घ्यावा आणि त्यातून माहिती खरोखर परत मिळते याची खात्री करावी. नव्या सर्व्हरवर रंगीत तालीम घ्यावी. प्रत्यक्ष स्थलांतराच्या वेळी नव्या नोंदी थांबवाव्यात. नंतर दोन्हीकडील नोंदींची संख्या व रकमांच्या बेरजा ताडून पाहाव्यात. निरनिराळ्या अधिकारांच्या वापरकर्त्यांकडून काम करवून पाहावे. पडताळणी पूर्ण होईपर्यंत जुना सर्व्हर मोडीत काढू नये.

यंत्रे पुरवठादाराची असली तरी नोंदी नागरिकांच्या असतात. एखाद्या वृद्धाचे निवृत्तिवेतन वा विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती अशा एकेका नोंदीवर अवलंबून असते. म्हणून कामास मंजुरी देण्यापूर्वी प्रत्येक जबाबदार व्यक्तीने तीन प्रश्न विचारावेत : यादी झाली काय? तालीम झाली काय? आणि काही बिघडल्यास परतीची वाट आहे काय?